मी काढून दिलेला मुहूर्त

आमच्या घरात मला कुठलीही तारीख ठरवू देत नाहीत. सुट्टीची तिकिटं बायको काढते, दातांच्या डॉक्टरची वेळ मुलगी परस्पर घेऊन टाकते. त्याला कारण आहे. मी एकदा एका लग्नाची तारीख ठरवून दिली होती, आणि तीही अशा गावातल्या लग्नाची, जे गाव नक्की कुठल्या देशात येतं यावरच दोन देशांचं भांडण होतं.

सिंगापुरात आम्ही राहतो त्या बुकित पंजांगला मेट्रोची डाउनटाउन लाइन नुकती आली होती, त्या सुमाराची गोष्ट. पाणी शुद्ध करणारी यंत्रं पुरवणाऱ्या एका कंपनीत मी सपोर्टला होतो. आमची दोन यंत्रं आफ्रिकेतल्या त्या सीमेवर, आंतरराष्ट्रीय शांतिसेनेच्या तळावर बसवलेली होती. ती चालवायला तिथलाच एक माणूस नेमलेला. दर मंगळवारी दुपारी तीनला मी फोन करायचा, त्याने चार काट्यांवरचे आकडे वाचायचे, मी लिहून घ्यायचे. काम पाच मिनिटांचं. पण समोर माणूस बोलता असला की मला पाच मिनिटं पुरत नाहीत, हे आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढलेलं कोणीही सांगेल.

तोही त्याच पंथाचा. साधारण माझ्याच वयाचा, मला ‘ब्रदर’ म्हणायचा. एकदा त्याने विचारलं, “तुमच्याकडे गाई कुठे बांधता?”

“मी अकराव्या मजल्यावर राहतो. गाय नाही.”

 फोनमधून काळजीचा आवाज आला, “एकही नाही?” त्यानंतर तो माझ्याशी जरा जास्तच मायेने बोलायला लागला.

त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा सीमेपलीकडच्या गावचा. मधे एकच रस्ता, आणि त्यावर शांतिसेनेच्या पांढऱ्या गाड्या फिरत असायच्या म्हणून माणसं जात-येत. त्या गाड्या गेल्या की रस्ता बंद झाल्यातच जमा. आणि शांतिसेनेला मुदत असायची सहा महिन्यांची. ती संपत आली की लांब न्यूयॉर्कला बैठक भरायची, हात वर व्हायचे, मुदत वाढायची. या खेपेची मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होती.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, आकडे वाचून झाल्यावर तो म्हणाला, “ब्रदर, या वेळी वाढवतील ना? वाढवणार असतील तर डिसेंबरअखेर लग्न करतो. पाऊस संपेल, रस्ता वाळेल, सगळे नातेवाईक येतील. नाहीतर आत्ताच उरकतो, चिखलात.”

‘मला काय माहीत?’ हे खरं उत्तर होतं. पण माझ्यासमोर कंपनीच्या कराराचा तक्ता उघडा होता. चार वेळा मुदत संपली होती, चारही वेळा वाढली होती. शिवाय सिंगापूरला आल्यापासून माझं स्वतःचं सगळं मुदतवाढीवरच चाललेलं. इथे नोकरी करायचा एम्प्लॉयमेंट पास म्हणू नका, फ्लॅटचा करार म्हणू नका. दर वेळी फॉर्म भरतो, दर वेळी मुदत वाढवून मिळते. माझी समजूत अशी झाली होती की जगात सगळीकडे असंच असतं.

“अरे, नक्की वाढवतात,” मी म्हणालो. “डिसेंबर धर. आमच्याकडेही लग्नसराई तेव्हाच असते.”

घरी येऊन हे मी छाती फुगवून सांगितलं. बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. “लग्नाची तारीख? तू ठरवलीस? या घरातल्या पडद्यांचा रंग तरी कोणी तुला विचारतं का?”

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, “बाबा, यू सो केपो, ला.” नको तिथे नाक खुपसणाऱ्याला इथे केपो म्हणतात. हा शब्द तिने मला शिकवला, आणि त्याचा सरावही माझ्यावरच केला.

नोव्हेंबरात बातमी आली. मुदत वाढली, पण एकाच महिन्याने. दोन्ही देश कबूल केलेल्या गोष्टी करत नाहीत, मग आपण किती दिवस मधे उभं राहायचं, असं काहींचं म्हणणं; एकमत होईना, म्हणून तूर्त महिनाभर चालू द्या. आमच्या ऑफिसात मेल आला: यंत्रं उतरवून आणण्याच्या तयारीत राहा. यंत्रांचं मला काही वाटलं नाही. मुदत डिसेंबरच्या मध्यावर संपणार होती आणि लग्न मी नेऊन ठेवलं होतं डिसेंबरअखेरीला.

त्या मंगळवारी तीनचा फोन मी साडेतीनला लावला. त्याने चारही आकडे वाचले. मी म्हणालो, “माझं चुकलं. मला काहीएक माहीत नव्हतं.”

“बातमी इथेही पोचली,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांत लग्न करतोय. चिखल तर चिखल.”

बायकोला सांगितलं तेव्हा टोमण्याची वाट बघत उभा राहिलो. ती एवढंच म्हणाली, “पोरीला काहीतरी पाठवू या.” रविवारी लिटिल इंडियात चोवीस तास उघड्या असणाऱ्या त्या मोठ्या दुकानात तिने तासभर घालवून हिरवी साडी निवडली.

“तिकडे साडी नेसतात का?” मी विचारलं.

“पांघरेल. हिरवी असली म्हणजे झालं. घरी गेल्यावर तेवढं लेबल काढ आणि नीट बांध.”

यंत्रं तोवर चालू ठेवायला नवे फिल्टर जाणार होते, त्या खोक्यात साडी ठेवायची परवानगी मी साहेबांकडे मागितली. आमचे चिनी साहेब एका शब्दात भागत असेल तर दुसरा वापरत नसत. “वेडिंग, आ?” त्यांनी विचारलं, म्हणजे आधीच कोटा ओलांडला. मग म्हणाले, “कॅन,” म्हणजे चालेल.

पुढच्या मंगळवारी कोणी फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही. मी चार काट्यांचे रकाने रिकामे ठेवून बसलो. तिसऱ्या मंगळवारी पहिल्याच रिंगला आवाज आला, “ब्रदर, झालं लग्न!”

नवरीचा ट्रक अर्ध्या वाटेत चिखलात रुतला होता. शांतिसेनेची गस्तीची गाडी आली, सैनिकांनी दोर बांधून ट्रक ओढला, आणि मग पार मांडवापर्यंत मागोमाग गेले. अर्धे नातेवाईक पोचलेच नाहीत. साडीही पोचली नव्हती.

मी पुन्हा माफी मागायला लागलो, तर त्याने थांबवलं. “मुलगी सप्टेंबरातच जायची होती. तू ‘नक्की’ म्हणालास म्हणून अडीच महिने घरी राहिली. तिच्या आईला ते फार बरं वाटलं.” मग लगेच, “पहिला काटा वाचू?”

डिसेंबरच्या मध्यावर, अगदी शेवटच्या घटकेला, मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढली. पांढऱ्या गाड्या राहिल्या. रस्ता वाळला. फिल्टरचं खोकंही पोचलं, आणि मी सांगितलेल्या त्या डिसेंबरअखेरीला मुलीची आई हिरवी साडी घेऊन स्वतः पलीकडे लेकीला भेटायला गेली.

तळावरच्या एका अधिकाऱ्याच्या मेलवरून फोटो आला. झोपडीपुढे दोघी उभ्या, लेकीच्या खांद्यांवरून हिरवी साडी, दोघी हसताहेत. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, डोळे पुसले, फोटो मोठा केला. मग फोन माझ्या डोळ्यांपुढे धरला.

पदराच्या टोकाला दुकानाचं लेबल लोंबत होतं.