मॅक कुणाला, विंडोज कुणाला

सरांनी ड्रॉवर उघडला, ओला टिश्यू काढला आणि त्यांच्या मॅकचा कीबोर्ड पुसायला लागले. एकेक की. सावकाश. मी नुकताच त्यावरून हात काढला होता. बाजूलाच उभी होते.

समोर पुण्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या संस्थेची शाळेची पुस्तकं आमच्या भोपाळच्या स्टुडिओत तयार व्हायची होती, हिंदी आणि मराठी. सरांनी नमुन्याचं मुखपृष्ठ उघडलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'शाला आणि खेल'. आमच्याकडे हे नेहमीचंच. टाइप करणारे हिंदीवाले, त्यांचं बोट ळच्या कीवर जातच नाही. सर स्वतः मराठी, इंदूरचे, पण त्यांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "अहो, शाळा ना?" सरांनी मला हाक मारली. मी वाकले, दोन ळ टाकले, मागे झाले. तेवढंच काम.

मग टिश्यू.

"हाताला तेल-बिल असतं ना," सर बाईंना म्हणाले. "हे मशीन फार नाजूक असतं."

मी केसांना तेल लावत नाही. सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं. बाईंच्या पुढ्यात मात्र कचोरीची बशी होती, अर्धी संपलेली. त्यांनी त्याच हाताचं बोट स्क्रीनवर टेकवलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर." स्क्रीनवर तेलाचा गोल डाग उठला. सरांनी तो पुसला नाही. बाई होत्या तोवर नाही, आणि त्या गेल्यावरही नाही. मी लक्ष ठेवून होते.

बाई हसल्या होत्या, म्हणून सर हसले. मीही हसले. टिश्यूपेक्षा मला त्या हसण्याचा राग जास्त येतो.

जातीचा शब्द कुणी काढला नव्हता. हल्ली कुणी काढत नाही. नोकरीला आले तेव्हा सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं होतं. मग म्हणाले, "कुठले तुम्ही?" मी म्हटलं, वडील भंडाऱ्याकडचे. "अच्छा," सर म्हणाले. त्या अच्छानंतर प्रश्न संपले. भोपाळच्या मराठी माणसांत एक रीत आहे. दोघं भेटले की थोड्याच वेळात एक जण विचारतो, "आपल्यातलेच ना?" लहानपणी मला वाटायचं, परक्या मुलखात आपली भाषा ऐकू आली याचा हा आनंद असेल. पुढे कळलं. भाषा तर कानांना आधीच कळलेली असते. विचारायचं असतं ते दुसरंच.

बाबा कारखान्यात फिटर. बरखेड्यातल्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझा जन्म, शाळा, सगळं. या वर्षी ते रिटायर होणार, आणि रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. भंडाऱ्याला आमचं घर नाही, शेत नाही, आता कुणी माणूसही उरलेलं नाही. सर म्हणाले होते, पुस्तकांचं काम मिळालं तर मराठी विभाग तुझ्याकडे. पक्की नोकरी. म्हणजे भोपाळातच भाड्याचं घर, आईबाबांना घेऊन. त्या घरासाठी मी तो टिश्यू गिळला.

काम मिळालं. नवीन पाच जण घेतले. पाचही जणांचं काम एकच, पुस्तकाची पानं लावायची. मजकूर, चित्रं, मुखपृष्ठ, सगळं ज्याच्या त्याच्या पुस्तकाचं त्यानेच करायचं. आता त्यांना लॅपटॉप हवे होते. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तू हिशोबी आहेस. तूच बघून घे. मॅक घ्यायचे की विंडोज, किंमत किती, फायदा काय. आणि ते फुकटवालं लिनक्सपण बघ जरा, कुणाला चालत असेल तर."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू. पहिल्यांदाच कुणी माझं मत विचारत होतं, आणि या विषयात मला गती होती. माझा स्वतःचा लॅपटॉप एमपी नगरातून सेकंडहँड घेतलेला. काळा, जाडजूड, उन्हाळ्यात मिक्सरसारखा ओरडणारा. त्याची बॅटरी मेलेली, म्हणून माझी जागा कायम सॉकेटजवळ, चपलांच्या कपाटाशेजारी. ऑफिसात सगळे त्याला डब्बा म्हणत. मीही म्हणायचे. पण तो डब्बा मी स्वतः खोलून साफ केलेला होता, त्यात मेमरी वाढवली होती, आणि त्याच्यावर माझं सगळं काम चालत होतं.

मी मनापासून बसले त्या कामाला. एमपी नगरातली दुकानं पालथी घातली. छापखान्यात जाऊन विचारलं की तुम्हाला फाइल कशी लागते. दुरुस्तीवाल्यांचं डोकं खाल्लं. मॅकबद्दल माझ्या मनात आधीच राग होता, तो बाजूला ठेवायला मला त्रास झाला. पण ठेवला. मॅक चांगलाच आहे. दिवसभर चार्जर लागत नाही, आवाज नाही, रंग दिसतात तसेच छापून येतात, आणि जुना झाला तरी विकताना चांगली किंमत येते. त्याला नुसतं श्रीमंतांचं खेळणं म्हणणं हा शुद्ध खोटारडेपणा झाला असता. पण एका मॅकच्या पैशांत दोन बरे विंडोज लॅपटॉप येत होते. मॅकची मेमरी पुढे वाढवता येत नाही, घेतानाच काय ती घ्यायची. आमच्याकडे येणारा सरकारी मजकूर जुन्या हिंदी फॉन्टमधला, तो टाइप करणाऱ्या सगळ्यांचे हात विंडोजवर बसलेले. छापखान्यातही विंडोजच. लिनक्सला पैसा लागत नाही, जुन्या मशीनवरही धावतं. मला स्वतःला ते आवडतं. पण पानं लावायचं जे सॉफ्टवेअर छापखाना मागतो ते त्यावर चालत नाही. मग ते फुकट असून काय उपयोग.

म्हणून मी सरांना सांगितलं, पाचही जणांना सारखेच, मधल्या किमतीचे विंडोज लॅपटॉप घ्या, मेमरी पुढे वाढवता येईल असे. आणि एक मॅक घ्या. तो कुणा एकाचा नको. मधल्या टेबलावर राहू दे. ज्याचं मुखपृष्ठ छापायला जायचं असेल त्याने तिथे बसून रंग बघायचे.

सरांना ते फार आवडलं. खरंच आवडलं. मग ते पेन घेऊन बसले.

"हे विंडोजचं कारण एकदम बरोबर मांडलंस. आपण असं करू. ऋचा आणि अनिकेतला मॅक. बाकी तिघांना विंडोज. आणि त्यातल्या एकाला तर तुझा हा डब्बा पण चालेल, लिनक्स टाकून दे. तुला मी मॅक देतो."

ऋचा त्यांच्या साडूची मुलगी. अनिकेत तुळशी नगरातल्या एका मोठ्या साहेबांचा. बाकी तिघं म्हणजे शबाना, संतोष आणि किरण. दोघांची आडनावं सरांच्या घरच्या लग्नपत्रिकेत शोभली असती. तिघांची नसती.

मी म्हटलं, "सर, पाचही जणांचं काम एकच आहे."

"अगं, काम एक असलं म्हणून काय झालं? त्या तिघांना कशाला एवढं महाग? घरी नेतील, पोरं-बाळं हात लावतील. संभाळणं जमायला पाहिजे ना." मग आवाज खाली आणून म्हणाले, "उद्याच्या मीटिंगमध्ये हे तू सांग. टेक्निकल कारण दे, फॉन्टचं वगैरे. माझ्या तोंडून बरं दिसत नाही. तू सांगितलंस तर त्यांना पटेल. मतलब, तू त्यांच्यातूनच वर आलेली, आणि आता आपल्यातली."

आपल्यातली.

आयुष्यभर जो प्रश्न टाळत आले त्याचं उत्तर सरांनी मला बक्षीस म्हणून दिलं. सोबत एक मॅक.

पण लागलं ते वेगळंच. त्यांनी माझं एकही वाक्य खोटं ठरवलं नव्हतं. माझी कारणं खरी होती. फॉन्ट खरा, मेमरी खरी, छापखाना खरा. फक्त ती कारणं पाचांना लागू होती आणि ते ती तिघांना लावणार होते. माझ्या मेहनतीचा त्यांनी पडदा केला होता. त्यामागे नेहमीचंच चाललं होतं. आणि तो पडदा धरून उभं राहायचं होतं मला, कारण माझ्या हातात तो शोभला असता.

घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती, बाबा रिटायरमेंटनंतर कुठे राहायचं ते शेजाऱ्यांशी बोलत होते. इथल्याच शिवाजी नगरात एक खोली आहे म्हणे, नीट आहे. त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी ते ऐकत जेवले. मला मॅक हवा होता, हेही इथे सांगून टाकते. त्या हलक्या चंदेरी मशीनवर बोटं ठेवायची होती, माझ्या स्वतःच्या, हक्काने. भीती त्याचीच वाटत होती. भूक लागलेल्या माणसापुढे ताट ठेवून त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. पाचही जण बसलेले. सर म्हणाले, "लॅपटॉप का मामला मैडम समझाएँगी. इन्होंने पूरी स्टडी की है." मॅडम. त्या दिवसापर्यंत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं.

मी उभी राहिले.  मॅकचे गुण सांगितले. विंडोजचे सांगितले. लिनक्स का नाही ते सांगितलं. सर मान डोलवत होते. मग मी हिंदीतच म्हटलं, "ये सब बातें पाँचों के लिए हैं. पाँचों का काम एक है, तो मशीन भी एक जैसी. दो और तीन का हिसाब मेरा नहीं है. वो सर का है."

 ऋचाने फोन उलटा ठेवला. सरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ते मराठीत बोलले, त्या तिघांना कळू नये म्हणून.

"तुला काही गैरसमज झाला आहे. इथे जातपात कुणी मानत नाही."

मी जातीचा शब्द काढला नव्हता. तो त्यांनी काढला.

"मग सर, नावं झाकून सांगा," मी म्हटलं. "पाच जणांची नावं झाकायची. फक्त काम बघायचं. आणि सांगायचं, मॅक कुणाला, विंडोज कुणाला."

सर समोरचे कागद सारखे करायला लागले. मी थांबले. मला खरंच उत्तर हवं होतं. एखादं तरी कारण त्यांनी द्यायला हवं होतं, चुकीचं का होईना, कामाचं. त्यांच्याकडे नव्हतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की या लोकांकडे काहीतरी मोठं कारण असेल, आपल्याला न कळणारं. त्यांच्याकडे काहीच नव्हतं. नुसती सवय होती. ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"मराठी विभागाचं अजून पक्कं झालेलं नाही," सर शेवटी म्हणाले. "विचार करून बोल."

"करूनच बोलले."

बाहेर आल्यावर शबाना मागून आली. मला वाटलं, काही चांगलं बोलेल. ती म्हणाली, "दीदी, मुझे नौकरी चाहिए थी. मैक नहीं. अब सर हम तीनों पे नज़र रखेंगे."

"नौकरी मुझे भी चाहिए थी," मी म्हटलं. दोघी जिन्यात उभ्या राहिलो. तिचं चुकत नव्हतं. ती माझ्यावर रागावली होती आणि तो राग मला मान्य होता.

घरी बाबांना सांगितलं.  ते म्हणाले, "घेऊन टाकाची होती. मशीन तं होती."

"मशीन नव्हती बाबा. माझी सही हवी होती त्यांना, तिघांना खाली बसवायला."

"अन् आता कुठी जाऊ आपण?" त्यांचा आवाज चढला. "मी जिंदगीभर 'जी साब' म्हनलं, म्हनून तू शिकली."

"म्हणूनच मी म्हणणार नाही."

ते उठून बाहेर गेले. माझ्या खांद्यावर हात बित काही ठेवला नाही. बरंच झालं. आई म्हणाली, "जेवून घे." मी जेवले नाही.

पुढे सरांनी केलं त्यांना करायचं तेच. ऋचा-अनिकेतला मॅक, तिघांना विंडोज, मराठी विभाग ऋचाकडे. मात्र ते त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं, सगळ्यांसमोर, आणि सांगताना त्यांना कारण देता आलं नाही. संतोषने विचारलंच, "सर, वजह?" सर म्हणाले, "बस, ऐसे ही." त्यानंतर हा प्रश्न त्या ऑफिसात उठायला लागला. सुट्टी कुणाला मिळाली, दौऱ्यावर कोण गेलं, चहा आणायला कुणाला पाठवलं, कुणी ना कुणी विचारतंच, वजह? सरांना त्याचा वैताग येतो. येऊ दे.

मला त्यांनी काढलेलं नाही. काढलं तर कारण द्यावं लागेल. पक्की नोकरी नाही, शिवाजी नगरातली खोली दुसऱ्या कुणाला गेली, आणि बाबा अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. ही किंमत आहे. ती मी रोज देते, आणि ती कमी आहे असं मी कुणाला सांगणार नाही.

पण एक ठरलं आहे. कुठलं यंत्र बरं, कुठलं महाग, कशाचं आयुष्य जास्त, हे कुणीही विचारावं, मी खरं तेच सांगेन. त्याच्या आडून माणसांची प्रतवारी करायची असेल, तर ती ज्याची त्याने करावी, स्वतःच्या नावाने, तोंड वर करून. माझ्या हातून ती होणार नाही. क्वार्टर सोडायला सांगतील त्या दिवशी सामान बाहेर काढू. तेव्हाही होणार नाही.