बंद कारखान्यात पूर्ण झालेली गाडी

"काका, आई आज सकाळी गेली." मेधाताईंच्या इराने हे मराठीत सांगितलं. नागोयात वाढलेली ही मुलगी, आम्ही काहीही विचारलं तरी जपानीत उत्तर देणारी... मेधाताईंना जाऊन आता महिना होत आला. भेटेल तो एकच हळहळ व्यक्त करतो: बाई गुणी, पण बुडत्या कंपनीत उमेदीची वर्षं घालवली. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून लिहितोय.

गाड्यांचे आकार घडवणाऱ्या इटलीतल्या एका स्टुडिओत मेधाताई पुण्याहून तरुणपणी गेल्या. मालकाने एका शेडमध्ये पत्रे ठोकत सुरू केलेलं ते काम. पण नव्या गाडीचं रूप ठरवायला जपानी कंपन्यासुद्धा तिथे खेटे घालायच्या. मग एकेकीने स्वतःचा डिझाइन विभाग उघडला. मालक थकले, मुलांचं आपसात पटेना, स्टुडिओ विकला गेला. शेवटची ऑर्डर रद्द झाली तेव्हा खऱ्या गाडीएवढं मातीचं मॉडेल अर्धवट होतं. काम थांबवा, असा निरोप आला. मेधाताई आणि त्यांचे चार-पाच सोबती थांबले नाहीत. गिऱ्हाईक नसलेली ती गाडी त्यांनी पूर्ण केली, भर उन्हात अंगणात ढकलत आणली. आसपासची माणसं बघायला जमली. दुसऱ्या दिवशी नव्या मालकांनी ती फोडली.

"मग मिळवलंत काय?" मी एकदा विचारलं.

"अर्धी नाही मोडू दिली," त्या म्हणाल्या.

पुढे त्या नागोयाला, आमच्या मोटार कंपनीत आल्या. एका मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी पडद्यावर त्याच स्टुडिओचं नाव झळकवलं... काळाबरोबर न बदलणाऱ्यांचं काय होतं, याचं उदाहरण म्हणून. मेधाताई उठल्या आणि अतिशय नम्र जपानीत म्हणाल्या, "आपण सगळे ज्यांच्याकडून शिकलो, त्यांना आधी नमस्कार करू या." आणि खरोखरच कमरेतून वाकल्या. निवृत्तीला आलेले आमचे सहकारी मोरी-सान तेवढे उठून त्यांच्याबरोबर वाकले. बाकी सगळे आपापल्या लॅपटॉपमध्ये बघत राहिले.

लवकरच ताईंकडून गाडीच्या बॉडीचं काम काढून घेतलं आणि दाराच्या हँडलचं दिलं. मी भडकलो. "ताई, राजीनामा द्या तुम्ही!"

"का म्हणून? माणूस गाडीला पहिला हात तिथेच लावतो."

त्यानंतर आजारपण आलं. औषधांनी बोटं सुजली, आखडली, सरळ होईनात. ताई त्याच बोटांनी नमुने उघडून बघायच्या, जो उघडता येईना तो परत पाठवायच्या. "माझ्या हाताला उघडलं तर कुणालाही उघडेल," म्हणायच्या. ते हँडल अखेर आमच्या एका छोट्या गाडीला लागलं. मी तीच गाडी घेतली.

गेल्या रविवारी ताईंच्या घरी आम्ही जमलो होतो. निघताना एक गृहस्थ पुन्हा त्याच हळहळीवर आले. मी त्यांना खाली माझ्या गाडीपाशी नेलं आणि म्हटलं, "मूठ घट्ट मिटा. आता उघडा दार."

त्यांनी मिटलेली मूठच हँडलमागे सरकवली. दार अलगद उघडलं. त्यांनी ते लावून पुन्हा एकदा मुठीनेच उघडलं.

"बसा," मी म्हटलं, "स्टेशनपर्यंत सोडतो."