आमच्या पडवीतली केजन पेटी

रत्नागिरीत बोटीवरून सुटीवर येणारी माणसं सेंट, चॉकलेटं आणि ब्लँकेटं आणतात. आमच्या ह्यांनी शेवटच्या सफरीतून दहा बटणांची एक जुनी पेटी आणली, भाता ओढून वाजवायचं छोटं अकॉर्डियन. अमेरिकेत, लुइझियानाच्या बंदरात बोटीचं इंजिन बिघडलं, दुरुस्तीला महिना लागला आणि कामावरच्या म्हाताऱ्या वेल्डरने ह्यांना घरी जेवायला नेलं. तो केजन होता. केजन म्हणजे इंग्रजांनी कॅनडातून हाकलून लावलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचे वंशज. ते दलदलीत येऊन राहिले, भात पिकवू लागले, कोळंबी पकडू लागले आणि शनिवारी नाचू लागले.

"म्हणजे आपणच की," हे म्हणाले. "फक्त ते बायकोला घेऊन नाचतात."

या मुद्द्यावर आमच्याकडे पुढे काही घडलं नाही. घडलं ते स्वयंपाकघरात. ह्यांनी त्यांचं गंबो करून दाखवलं: तेलात पीठ चॉकलेटी होईपर्यंत परतायचं, मग त्यात भेंडी आणि कोळंबी. माझी आई आमच्याकडेच असते. संगमेश्वरकडच्या खेड्यातली, ऐंशी ओलांडलेली. तिने दोनदा वाढून घेतलं आणि विचारलं, "यामध्ये नारळ घालण्याची पद्धत नाही का?" आई अशीच बोलते, रेडिओवरच्या बातम्यांसारखी.

पेटीची कथा मात्र रडवणारी होती. वेल्डर लहानपणी शाळेत घरची भाषा बोलला, तर बाई त्याला फळ्यावर लिहायला लावत: मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही. त्याने धसका घेतला आणि स्वतःच्या मुलांना ती भाषा शिकवलीच नाही. आता तो आपल्या आईची गाणी वाजवतो, पण मुलाला त्यातलं अक्षर कळत नाही. मुलासाठी ठेवलेली ही जुनी पेटीही त्याला नको होती, म्हणून ती आमच्या पडवीत आली.

मला हुंदका आला. मी मराठीची निवृत्त शिक्षिका, भाषेच्या बाबतीत भारी हळवी. महिला मंडळात मी केजन लोकांवर तासभर बोलले. त्या निर्दय बाईंचा असा समाचार घेतला की टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. पहिल्या रांगेत आई होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, "त्या बाई वाईट नसतील. मुलं पुढे जावीत, असं त्यांना वाटलं असेल."

"तू त्यांची बाजू घेऊ नकोस," मी फटकारलं.

आईचं विसरणं हल्ली वाढत चाललं आहे. जे विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हा भाषणाच्या जोशात दुसऱ्याच दिवशी मी तिच्यापुढे फोन ठेवला आणि तिचं गौरीचं गाणं म्हणायला सांगितलं. सासुरवाशीण नदीला वाट मागते, ते. लहानपणी ते ऐकताना मी तिच्या मांडीवर झोपायचे.

आईने पदर सारखा केला आणि ती गायली. गाण्यातल्या आवसच्या जागी आई. बापूसच्या जागी वडील. सगळं स्वच्छ, धुतलेलं, आणि दर ओळ लंगडत होती.

"असं नाही गं. तू पूर्वी म्हणायचीस तसं."

"ते अशुद्ध आहे," ती म्हणाली. "रेकॉर्ड होणार ना?"

मी चिडले, आणि चिडले ती तिच्यावरच. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. वर्गात गावाकडचं बोलणाऱ्या पोरांकडून मी पन्नास वेळा लिहून घेत असे: मी वर्गात शुद्ध बोलेन. आणि माझ्या लग्नाआधी आठवडाभर आईला समोर बसवून शिकवलं होतं, सासरच्या माणसांसमोर काय बोलायचं आणि काय नाही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तीच हुशार निघाली. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही. मला लाज वाटली, पण ती तिला सांगायची कुठल्या भाषेत, ते कळेना.

चार दिवसांनी दुपारी मी कुकर लावत होते. पडवीत हे पेटीवर काहीतरी चाचपडत होते. तेवढ्यात आईचा आवाज आला, "जावयबापू, जरा हलू वाजवा, माजा दम पुरत नाय." आणि ती गाऊ लागली. आवस होती, बापूस होता, नदी होती. मी धावत दारात आले. आई थांबली. पदर सारखा केला.

"तुला काही हवं होतं का?"

"नाही," मी म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी फोन खिडकीत पडद्यामागे चालू करून ठेवला आणि ओट्याशी उभी राहिले. गाणं पुरं आलंय. मध्ये कुकरची शिट्टी आहे, पेटी दोनदा चुकली आहे. शेवटी आई ह्यांना हळूच विचारते, "ती आत हाय ना? आयकत नाय ना?"

"नाही, आई," हे म्हणतात.