हैदराबाद ते जेद्दाह, एक जागा

लातूरच्या क्लासेसच्या भागात, दोन झेरॉक्सच्या दुकानांमध्ये दाटीवाटीनं बसलेलं सलीमचं तिकिटाचं दुकान. भूकंप झाला तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि त्याच जागेत चुलत्याच्या एसटीडी बूथवर बसायचा. महिनाभर रांग हटली नाही. कोण गेलं, कोण राहिलं, हे लोक दूरच्या नातलगांना सांगत, आणि मीटरचे आकडे पळू लागले की बोलणं आवरतं घेत. रडायचं राहूनच जायचं. ते सलीमच्या मनात बसलं.

पुढं क्लासेस वाढले. गावोगावची पोरं आली, तसा तो रेल्वेची आरक्षणं करून देऊ लागला. मग परदेशी डॉक्टरकी शिकायला निघालेली पोरं आली, आखातात कामाला जाणारे आले, उमऱ्याच्या यात्रेचे जथे आले, आणि दुकानाच्या पाटीवर विमान रंगवलं गेलं. करोनात दुकान दोन वर्षं जवळजवळ बंद होतं. स्कूटर विकावी लागली. पुन्हा उघडलं तेव्हा जो येई तो एकच विचारी, "तिकिटं एवढी कशी काय वाढली?"

पुढच्या साली, रमजानला महिना उरला असताना, नागुबाईनंही तेच विचारलं.

नागुबाई मागच्या गल्लीत पोरांची मेस चालवायची. भूकंपात तिचा नवरा गेला, लेकरू गेलं, धाकटी बहीण गेली. बहिणीची नऊ महिन्यांची अयोध्या तेवढी ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. तिला घेऊन नागुबाई लातूरला आली, भाकऱ्या थापत राहिली. शाळेत आईच्या नावाच्या जागी नागुबाईचंच नाव लागलं. अयोध्या नर्स झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर जेद्दाहला गेली. आता तिचे दिवस भरत आले होते. याआधी दोनदा पोटातच गेलं होतं.

"व्हिसा तिनं तिकडून धाडलाय," नागुबाई म्हणाली. "दिवाळीत तू सांगितलेस तेवढे पैसे धरून ठेवले. आता दुप्पट म्हणतोस. विमान तेच, हैदराबाद तेच. मग वाढलं काय?"

सलीमनं खुर्ची पुढं केली. "मावशी, करोनात कंपन्यांनी विमानं उभी करून टाकली, माणसं घरी बसवली. आता जाणारे सगळे एकदम निघाले, पण विमानं तेवढी न्हाईत. तेल महागलं. तेलाचा हिशेब डॉलरात, अन् आपला रुपया पडला. लढाईमुळं काही देशांवरून उडता येत न्हाई, तिथं लांबचा वळसा. त्यात रमजानच्या आधी उमऱ्याला निघालेल्या सगळ्यांना जेद्दाहच पायजे."

"म्हंजी दिवाळीत खासगी बसवाले करतात तसं."

"तसंच. जागा कमी राहिल्या की भाव चढतो. ज्याची गरज मोठी, त्याच्याकडून जास्त."

नागुबाई म्हणाली, "गरज तर माझी बी मोठी हाय. पैसाच बारका हाय." आणि पदर सावरून उठली. भांडली नाही, सूट मागितली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं सलीमला वाटलं.

दोन दिवसांनी त्याच्या उमऱ्याच्या जथ्यातले एक म्हातारे न्हाणीघरात पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, जाणं रद्द झालं. जथ्याच्या चाळीस जागा सलीमनं सहा महिन्यांआधी, भाव चढायच्या आत, घेऊन ठेवल्या होत्या. त्यातली एक अशी मोकळी झाली. नाव बदलायला दुसऱ्या दिवशीपर्यंतची मुदत होती.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. तासाभरात हैदराबादच्या मोठ्या एजंटाचा फोन आला. ती जागा मला दे, आजच्या भावानं घेतो, वर आणखी देतो, म्हणाला. सलीमनं सांजेपर्यंतची सवड मागितली.

तो दुकानात तसाच बसून राहिला. म्हाताऱ्यांचे पैसे परत करून चांगले तीस हजार उरले असते. स्कूटर आली असती. यात चोरीही नव्हती, सगळा बाजारच असा चालला होता. पण इतके महिने तो लोकांना तेल सांगत होता, डॉलर सांगत होता, लढाई सांगत होता. महागाई कुठून तरी लांबून, आभाळातून येते असं त्याच्या बोलण्यात असायचं. आज ती त्याच्या टेबलावर येऊन बसली होती. ही जागा महाग होणार की नाही, हे ठरवायला दुसरं कोणी नव्हतं.

सांज व्हायच्या आधीच तो मागच्या गल्लीत गेला. नागुबाई पीठ मळत होती.

"मावशी, एक जागा हाय. जुन्या भावाची. पण जथ्याबरोबर जायचं अन् पंधरा दिवसांनी जथ्याबरोबरच परत यायचं. मधी बदल न्हाई."

"उमऱ्याच्या माणसांत मी?"

"विमान सगळ्यांचंच असतं. माझी बहीण बानो हाय संगं. ती बघल."

नागुबाईचे हात पिठातच थांबले. "पंधरा दिवस लई झाले," ती म्हणाली.

हैदराबादच्या एजंटानं नंतर दोन महिने सलीमचा फोन उचलला नाही. बाकी काही बिघडलं नाही. विमानात बानोनं नागुबाईचा पट्टा बांधून दिला आणि खिडकीची आपली जागाही दिली. जेद्दाहला उतरल्यावर, जावयाच्या हाती सोपवल्याशिवाय ती जथ्याच्या बसमध्ये चढली नाही. नवव्या दिवशी अयोध्याला मुलगी झाली.

परतल्यावर नागुबाई दुकानात आली.

"सहा दिवस मांडीवर होती," तिनं सांगितलं. "निघताना झोपली होती, ते बरं झालं. अयोध्या म्हणाली, आणखी राहा. मी म्हटलं, बाई, माझं तिकीट बोलावतंय."

"वाईट वाटलं आसंल."

"वाटलं ना. पण न जाता इथं बसले असते तर जास्त वाटलं असतं." मग तिनं विचारलं, "पुन्हा कधी उतरतो रं भाव?"

"नक्की सांगता येत न्हाई, मावशी. मी बघत राहतो. उतरला की आधी तुमाला सांगतो."

तिनं मान हलवली. पोरांची परीक्षा तोंडावर आली होती आणि मेसमध्ये संध्याकाळच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या, म्हणून ती चहालाही थांबली नाही.