ओल धरलेला नमदा

नेदरलँड्समध्ये आर्नहेमला आले त्या वर्षी मी डच शिकायला जायचे. तिथे माझ्या शेजारी एक किरगिझ बाई बसायची. नवरा डच, घर गावाच्या कडेला, मागे लांबरुंद बाग. दोघींचंही डच सारखंच मोडकं, त्यामुळे आमची लगेच मैत्री झाली.

उन्हाळ्यात तिची आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. मेंढरं घेऊन डोंगरातल्या कुरणांवर आयुष्य काढलेल्या त्या. लेकीच्या घरात त्यांना झोप लागेना. रात्री उठून अंगणातल्या खुर्चीवर जाऊन बसायच्या. शेवटी जावयाने बागेत लाकडी पट्ट्यांचा गोल सांगाडा उभारून दिला, त्यांच्याकडच्या तंबूला असतो तसा. त्यावर घालायला लोकरीचे नमदे हवे होते. मैत्रीण म्हणाली, "तू दिवसभर घरीच असतेस ना, ये मदतीला."

मी साताऱ्याकडची. घोंगडी मागावर विणताना पाहिली होती. पण नमद्याला सूत नाही, माग नाही. पिंजलेली लोकर थरावर थर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, लव्हाळ्याच्या चटईत घट्ट गुंडाळून दोरीने बांधायचं आणि तासन्‌तास लाटत राहायचं, आधी पायांनी, मग कोपरापर्यंत हात टेकवून. लोकरीचे केस एकमेकांत अडकतात आणि त्याचंच जाड कापड होतं.

पहिली लोकर जवळच्या शेतकऱ्याने आनंदाने दिली. पांढरीशुभ्र, फुगीर. आम्ही दिवसभर लाटलं. संध्याकाळी चटई उलगडली, तर उचलायला गेल्यावर ओल्या कापसासारखे गोळे हातात आले. आईंनी एक पुंजका बोटांत चोळला आणि लेकीला काहीतरी सांगितलं. "म्हणतेय, या लोकरीचे केस एकमेकांना धरत नाहीत," मैत्रीण म्हणाली. त्या मेंढ्या मांसासाठी पाळलेल्या. मग माळावर मेंढ्या चारणाऱ्या एका मेंढपाळाकडून राठ, लांब लोकर शोधून आणली. ती जमली.

दोन महिने आम्ही तेच करत होतो. माझा हात तिरपा पडला की आई न बोलता तो धरून सरळ करायच्या. छत झालं, भिंती जवळजवळ झाल्या. शेवटचे आठ दिवस त्या आत झोपल्या. सकाळी चेहरा वेगळाच दिसायचा. मग व्हिसा संपला. निघताना त्यांनी लेकीला पुन्हा पुन्हा बजावलं, "तंबूतली चूल रोज पेटव. धूर मिळाला की नमदा कुजत नाही."

नोव्हेंबरपर्यंत आम्ही धूर दिला. मग शेजारीण आली. फार सभ्यपणे बोलली. तिच्या मुलीला दमा होता आणि धूर थेट तिच्या खोलीत जात होता. चूल बंद झाली. पाऊस तर थांबतच नव्हता. पंधरा दिवसांत छताच्या आतून काळे-हिरवे ठिपके दिसायला लागले. आम्ही ब्रशने घासलं, व्हिनेगर लावलं, विजेचा हीटर ठेवला. वरून ताडपत्री टाकली, तर आत आणखी ओल धरायला लागली.

मैत्रीण आईला व्हिडिओ फोन लावायची आणि प्रत्येक वाक्य मला डचमध्ये सांगायची.

"उन्हात टाका."

"आई, ऊन नाहीये."

"मग उद्या टाका."

उद्याही ऊन नसणार हे त्यांना कसं समजावणार? त्यांच्या मागच्या खिडकीतून तर बर्फावर लख्ख ऊन पडलेलं दिसत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "मी येते. मी बघते."

व्हिसा नाकारला गेला. बाई परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण. माझं इंग्रजी बरं म्हणून हरकतीचं पत्र मी लिहिलं. गेल्या वेळी त्या वेळेत परत गेल्या होत्या हे लिहिलं, नमद्याचे फोटो जोडले. फोटो पाहून कुणाला काय कळणार होतं कोण जाणे. पुन्हा नकार. त्याच सुमारास माझ्या आईचा व्हिसा पहिल्याच अर्जात मिळाला होता. ते मैत्रिणीला सांगायचं माझं धाडस झालं नाही.

फेब्रुवारीत एकदा आईंनी व्हिडिओवर तंबू दाखवायला सांगितला. मैत्रिणीने दाराजवळचा चांगला भाग दाखवला.

"वर दाखव."

"नेटवर्क नीट नाही, आई."

मग आईंनी विचारलं, "वास येतो का?"

मैत्रिणीने फोन छातीशी धरला आणि मला विचारलं, "काय सांगू?" मी नुसती मान खाली घातली. तिने फोन पुन्हा वर घेतला आणि म्हणाली, "येतो."

आईंनी पदरासारखा डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "काढून टाका," त्या म्हणाल्या. "नाहीतर सांगाडाही कुजेल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी छत उतरवलं. पाणी पिऊन ते इतकं जड झालं होतं की तिघांना उचलेना. जावई घरातून मोठी सुरी घेऊन आला. कापताना कडा मजबूत लागत होत्या, सुरी अडकत होती. मध्यभागी मात्र ओल्या पावासारखं तुटत होतं. मैत्रीण एक तुकडाही ठेवू देईना. ज्याने लोकर दिली होती तोच मेंढपाळ ट्रॉली घेऊन आला आणि छत, भिंतींचे नमदे, सगळं घेऊन गेला, त्याच्या झाडांच्या बुंध्याशी पसरायला. हे आईंना सांगायचं नाही, असं तिने नवऱ्याला आणि मला बजावलं.

पुढच्या वर्षी मी आर्नहेम सोडून रायस्वाइकला राहायला आले. मैत्रिणीचा फोन येतो. आईंचे गुडघे दुखतात, मेंढ्या आता पुतण्याने नेल्या, त्या एकट्याच असतात. नवा अर्ज करायचा का, असं ती दर वेळी विचारते. मी म्हणते, कर.