नापास घरातला चहा

माझा धाकटा भाऊ डेस भाड्याच्या घरांतली वीज तपासतो. त्याचं अक्षर असलं भयंकर, की एकदा स्वतः लिहिलेला आकडा त्यालाच लागेना. तेव्हापासून तो मीटर धरून आकडे ओरडतो आणि मी फॉर्मवर उतरवते. गिरणीच्या ऑफिसात तीस वर्षं काढलीत मी, माझा आठ आठच दिसतो.

इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या बर्नली गावाला ठाऊक असलेला डेसचा एक हट्ट आहे. घर पास झाल्याशिवाय तो त्या घरातला चहा घेत नाही. आमच्याकडे कारागीर उंबऱ्यात आला की आधी चहा विचारतात आणि नको म्हटलं की लोकांना राग येतो. मी कितीदा सांगितलं त्याला, पण हा ऐकेल तर शपथ. त्यामुळे लोक फॉर्मकडे बघतच नाहीत, त्याच्या हातात कप आहे का तेवढं बघतात.

ऑक्टोबरात आम्ही म्युरिएल हार्टलीच्या घरी गेलो. मावशीकडून आलेलं हे तिचं एकुलतं भाड्याचं घर. त्यात सिरिल डकवर्थ एकतीस वर्षं राहतोय. वय एकोणऐंशी, एक गुडघा कामातून गेलेला. पूर्वी गिरणीतले माग दुरुस्त करायचा, आता रस्ताभर आल्याचे केक वाटतो. तपासणीपुरती वीज बंद करावी लागते म्हणून म्युरिएल आपल्या घरून थर्मासमध्ये चहा घेऊन आली होती. डेसने नेहमीसारखं “नंतर” म्हणून कामाला हात घातला. सिरिल मात्र खुर्चीवर अंग चोरून बसला होता.

आमच्या घरांत सॉकेटची तार घरभर फिरून निघाल्या जागी परत येते. मध्ये कुठे तुटली तर मीटर लगेच सांगतं. सिरिलकडे मीटर सांगत होतं की तुटलीय. डेसने दिसणारं प्रत्येक सॉकेट उघडलं, सगळी ठणठणीत. तो डोकं खाजवत बसला. मी म्हटलं, दिसत नसलेलं एखादं असेल, त्यात काय एवढं. तेवढ्यात माझी नजर भांड्यांच्या कपाटाखाली गेली. फरशीवर दोन लांब ओरखडे होते, अगदी ताजे.

डेसने कपाट सरकवलं. मागे एक सॉकेट, अर्धं काळं पडलेलं आणि वरून नीट चिकटपट्टी लावलेली. चार महिने ते ठिणग्या टाकत होतं म्हणे, आणि या म्हाताऱ्याने तसल्या गुडघ्याने कपाट ढकलून ते झाकलं होतं. मी त्याला इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी डेसनेच मला गप्प केलं.

“हे घर नापास,” डेस म्हणाला.

सिरिलने म्युरिएलकडे बघितलंच नाही. “मग मी कुठे जाऊ?” त्याने मला विचारलं.

झालं होतं असं, की तपासणीचं पत्र आलं त्या दिवशी बेकरीत म्युरिएल वैतागून म्हणाली होती, हे घर नापास झालं तर विकूनच टाकते. मागे रांगेत सिरिल उभा होता. आणि म्युरिएल बाईंना सगळा उन्हाळा वेगळाच घोर. नापास घरात सिरिल राहणार नाही, आपल्या मुलीकडे पार दूर ब्राइटनला निघून जाईल, म्हणून एकदा तपासणीची तारीखही पुढे ढकललेली. काय म्हणावं या दोघांना! एकाने विचारायचं नाही, दुसरीने सांगायचं नाही, आणि मध्ये घर पेटायची पाळी.

“नापास म्हणजे दुरुस्त करा, एवढंच,” डेस म्हणाला. “खर्च मालकिणीचा. कायदा अठ्ठावीस दिवस देतो, पण हे असं जळकं मी एक दिवसही ठेवणार नाही.”

म्युरिएल म्हणाली, आत्ताच कर. मग ती रडायलाच लागली आणि सिरिलच्या पाठीत एक धपाटा घातला. मला इतकं बरं वाटलं, की मी उगाच कपाटाची धूळ पुसत बसले.

डेसने जळकी तार कापली, नवी ओढली, नवं सॉकेट बसवलं. पाऊण तासात पुन्हा मोजलं. आकडा ओरडताना त्याचा आवाज चढला होता, मी ठळक अक्षरात लिहिला. मग त्याने आपणहून कप पुढे केला. चहा पार कोमट झाला होता, तरी दोन कप प्यायला आणि केकचे तीन तुकडे हाणले.

भाडेकरूला अहवालाची प्रत द्यावी लागते. चार दिवसांनी म्युरिएल ती घेऊन गेली, आम्हीही केकच्या आशेने मागोमाग. सिरिलने चष्मा लावून पान न् पान वाचलं. शेवटी एका ओळीवर बोट ठेवून थांबला.

“पुढची तपासणी पाच वर्षांनी,” त्याने वाचलं. “मी चौऱ्याऐंशीचा असेन. तेव्हा मी इथेच असणार?”

“नसलात तर हे कपाट काय मी एकट्याने हलवू?” डेस म्हणाला, आणि चहा मागितला.