साहेबाची जाळी

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर लोखंडी जाळी हवी, असा कायदा होता. आम्ही युनियनवाल्यांनी पत्रकं वाटून वाटून तपासणीच्या सरकारी साहेबाला यायला लावलं. त्याच्यापुरती जाळी बसली. त्याची जीप वळताच मुकादमाने ती उतरवली. जाळीने काम अडतं म्हणे.

"मावशी, कायले काढू देता?" यंत्रात कापूस घालणाऱ्या बाईवर मी चिडलो.

"थे सायबाची जाळी हाय, भाऊ," ती हसली. "त्याची पँट अटकू नये म्हून लावतेत."

त्याच आठवड्यात पट्ट्याने तिचा पदर ओढला आणि पदरामागून हात. कोपरापासून कापावा लागला.

मी साहेबाला गाठलं. "मी स्वतः पाहिली जाळी," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता हरामखोर. आता पुढच्या पत्रकात मागायचं तरी काय? तपासणी? ती तर झाली होती.